रविवारची लबाडी

बाई खोटं बोलायच्या. चुकून नाही, वेळ मारून न्यायला नाही. दर रविवारी, ठरवून, खोलीभर पोरं समोर बसवून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. आणि वर तसं सांगूनही टाकायच्या.

"आज तीन गोष्टी सांगतो. दोन खऱ्या, एक लबाड. लबाड कोणती थे तुमी शोधा. मले पुसायचं नाही. पाहू मंग."

जिनं आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं तिनं निवृत्त झाल्यावर गावातली पोरं गोळा करून त्यांच्याशी खोटं बोलावं, याचा आमच्या खामगावात सगळ्यांनाच धक्का बसला होता. मला तर तो अजून पुरता ओसरलेला नाही. मी आता पुण्यात नोकरी करते, माझं बोलणं ऐकून ऑफिसातले लोक गालातल्या गालात हसतात, आणि कुणी काही ठामपणे सांगितलं की माझ्या तोंडून आपसूक "पाहू मंग" निघतं. ते हसणं मी चालवून घेते. बाईंचं मात्र काय करावं ते मला अजून समजलेलं नाही.

रेल्वे फाटकापलीकडे कापसातून सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या मालकांना सगळे शेठजी म्हणत. त्यांनी सरकी साठवायचं रिकामं गोदाम बाईंना फुकट वापरायला दिलं होतं. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की बाई तिथून थेट गोदामात यायच्या. काखेत काळी छत्री आणि हातात भाजीची पिशवी. पिशवीत भाजी सोडून सगळं असायचं: चुंबक, भिंग, सुतळीचा गुंडा, मेणबत्त्या, हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेले कागद. आम्ही पोरं म्हणजे ऑटोवाल्यांची, हमालांची, दुकानदारांची, सगळी मिसळ. फी नव्हती, हजेरी नव्हती, परीक्षा नव्हती. त्यामुळे आमच्या आयांना हा वर्ग म्हणजे पोरं उन्हातान्हात उंडारू नयेत याची सोय वाटायची, आणि वर्गात काय चालतं ते कळल्यावर त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या.

लबाडी जो पकडेल त्यानं पुढच्या रविवारी बाईंच्या खुर्चीत बसायचं आणि बाईंनी खाली सतरंजीवर. मी पहिल्यांदा खुर्चीत बसले त्या दिवशी नेमकी माझी आई डोकावली. एवढ्या वयाची बाई खाली मांडी घालून बसलेली आणि माझे पाय अधांतरी हलताहेत, हे बघून तिनं मला घरी नेऊन जे झापलं, ते विसरणं शक्य नाही.

छत्रीचं काम पावसापुरतं असतं हे बाईंना मान्य नव्हतं. ती थंडीतही त्यांच्याजवळ असायची. कधी ती उलटी टांगून त्यात पावसाचं पाणी मोजायचं, कधी तिच्या टोकाची सावली खडूनं आखत दिवसभर अंगणात बसायचं, कधी गोदामाच्या पत्र्यावरून टाकलेली लिंबं आणि लोखंडाचे नट तिच्यात झेलायचे. भाजीबाजारात त्या स्वतःचा स्प्रिंगचा काटा घेऊन जायच्या. लग्नाच्या पंगतीत बसल्या की वरणात थर्मामीटर बुडवायच्या आणि शेजारच्या बाईला आकडा वाचून दाखवायच्या. पुढे पुढे त्यांना लग्नाची पत्रिका यायची, पण पंगतीत त्यांच्याशेजारी बसायला कुणी धजायचं नाही.

एकदा मे महिन्याच्या शेवटी त्या म्हणाल्या, "या आठवड्यात एक दिवस भर दुपारी तुमची सावली गायब होईन." आम्ही सगळे हसलो. सुजाता तर उभीच राहिली. सुजाता आमच्यातली सगळ्यात हुशार, तिचे वडील जिनिंगच्या गेटासमोर ऑटो लावायचे, आणि बाईंची खुर्ची जवळजवळ तिच्याच मालकीची झाली होती.

"हेच लबाड हाये," ती म्हणाली. "सावली कुठी जाईन? वस्तू हाये, ऊन हाये, तं सावली राहीनच."

"पाहू मंग," बाई म्हणाल्या.

आम्ही त्या भाजून काढणाऱ्या उन्हात रोज दुपारी जिनिंगच्या अंगणात एक पाइप उभा करून बसलो. पाइपाची सावली रोज आखडत होती, आणि एका दुपारी ती खरंच संपली. पाइप होता, ऊन होतं, सावली नव्हती. मी खाली पाहिलं तर माझीही नव्हती, पायाखाली गेली होती. आमच्यातला अस्लम सावली सापडते का ते बघायला उड्या मारत होता. सुजाता मात्र पाइपाकडे एकटक बघत राहिली, आणि तिचं तोंड असं झालं होतं की जणू कुणी तिच्या घरातली वस्तू तिच्यादेखत उचलून नेली. सूर्य बरोबर डोक्यावर आला म्हणजे काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. ते आपल्या पायांशी होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी धीर करून बाईंना विचारलं, की सरळ खरं का नाही सांगत?

"शाळेत सगळं खरंच सांगतलं वं," त्या म्हणाल्या. "अन् एकबी गोष्ट करून नाही दाखवली. कपाटाची चाबी हेडमास्तरापाशी. मी फळ्यावर चंचुपात्र काढलं, पोरींनी वहीत काढलं, पेपरात काढलं, झालं विज्ञान. थे खरं लबाडाच्याच भावानं गेलं. आता तुमच्या मोबाइलवर रोज किती लबाड येते, कोणी सांगते का हे लबाड हाये म्हणून? मी एकच सांगतो, अन् थेबी कळवून सांगतो."



पण बाई म्हणजे काय चीज होती ते कळायला आमच्या दुकानातला प्रसंग सांगायला हवा. आमचं किराण्याचं दुकान. एका संध्याकाळी बाई आल्या, तिखट घेतलं, पिशवीतून काचेचा ग्लास काढला, आमच्याच माठातलं पाणी घेतलं आणि गल्ल्यासमोर गिऱ्हाइकांदेखत चिमूटभर तिखट त्यात सोडलं. थोड्या वेळानं ग्लासच्या तळाशी लाल गाळ बसला. "विटकर हाये याच्यात," बाई अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलल्या. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रात्री ते जेवले नाहीत. अशी बाई वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये, असं ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं, आणि बाईंच्या वर्गाला जाणारी म्हणून मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी बाई पुन्हा हजर. कालच्या जागी उभ्या राहिल्या आणि कालच्याच आवाजात बोलल्या, "काल मी चुकली. माह्या पिशवीत विटकरीचे तुकडे होते, गिलासात त्याचा चुरा होता. आज धुतल्या गिलासात पाह्यलं. तिखट चांगलं हाये. ज्यानं ज्यानं काल आयकलं त्यानं थे घरी जाऊन सांगा."

बाबा कानकोंडे झाले. "बाई, एवढ्या मोठ्यानं कायले?"

"काल हळू बोलली होती का मी?" बाई म्हणाल्या, आणि पावशेर तिखट आणखी घेऊन निघून गेल्या.

विहिरीचा प्रसंग याच्या पुढच्या उन्हाळ्यातला.

गोदामाच्या मागे एक जुनी विहीर होती. पाणी आटून तळाला गेलेलं, वर पत्रे टाकलेले, आत कैक वर्षांचा सरकीचा कचरा आणि पालापाचोळा कुजत पडलेला. भिंतीत उतरायला लोखंडी कड्या होत्या. त्या रविवारी बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की आतलं पाणी जास्त गार होतं. साबणानं लाल झालेला हळदीचा डाग लिंबानं पुन्हा पिवळा होतो. आणि तिसरी: "मागच्या विहिरीत हवा मेली हाये. जो उतरला थो वर येत नाही."

लहान पोरांना घेऊन बाई आत माठाचं करत बसल्या. आम्ही मोठ्यांनी दोन्ही गोष्टी तासाभरात करून पाहिल्या. दोन्ही खऱ्या निघाल्या. म्हणजे लबाडी कोणती ते उघड होतं. हवा कधी मरते का? आम्ही विहिरीवरचा एक पत्रा ओढून बाजूला केला.

आंधळेपणानं काही करायचं नाही हे आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणून आधी डब्यात मेणबत्ती पेटवून सुतळीनं आत सोडली. थोडी खाली गेली आणि विझली.

"वारं लागलं," सुजाता म्हणाली.

पुन्हा पेटवली. या वेळी हळूहळू सोडली. त्याच जागी गेली आणि विझली.

"फिरून विझली बे," अस्लम म्हणाला.

"डब्बा हालते म्हणून विझते," सुजाता म्हणाली. "दोन गोष्टी खऱ्या निंघाल्या नं? मंग हे लबाडच असन. मी हातात धरून नेतो. हातात हालणार नाही."

तिच्या बोलण्यात कुठंही फट नव्हती. आज मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. आम्ही कुणी हूड किंवा मूर्ख पोरं नव्हतो, आम्ही व्यवस्थित विचार करून चाललो होतो. वर चढायचं किंवा खाली उतरायचं तर कमरेला दोर बांधायचा हा बाईंचा नियम, तोही आम्ही पाळला. जिनिंगमधला जाड दोर तिच्या कमरेला बांधला आणि त्याचं टोक मी आणि अस्लमनं धरलं. सुजाता एका हातात मेणबत्ती घेऊन कड्यांवरून खाली उतरली.

"विझली," तिचा आवाज आला. मग ती आणखी काहीतरी बोलली, ते समजलं नाही. आणि मग माझ्या हातातल्या दोराला एकदम तिचं सगळं वजन आलं.

आम्ही ओढायला लागलो. दोर थोडा वर आला आणि अडकला. एका वाकलेल्या कडीत तो गुंतला होता. खाली सुजाता मान टाकून लोंबकळत होती. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत नाही. अस्लमनं दोराचं टोक विहिरीकाठच्या निंबाच्या खोडाला गुंडाळलं, चपला काढल्या आणि एक पाय विहिरीत टाकला.

तेवढ्यात बाई धावत आल्या. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की अस्लमची कॉलर धरून त्याला मागं खेचलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. ज्या बाईंनी आम्हाला कधी बोट लावलं नव्हतं, त्यांनी.

"एक गेली, आता दुसरा पाठवू का?"

मग त्यांनी छत्री मागितली. उघडली, उलटी करून दोराला बांधली आणि विहिरीत सोडून खालीवर, खालीवर करत आतली हवा उपसायला लागल्या. आम्हाला म्हणाल्या, पलीकडून बादल्यांनी पाणी ओता. आम्ही ओतलं. रस्त्यावरचे लोक गोळा झाले. दोघं गडी आत उतरायला निघाले तर बाई हात पसरून त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. "आधी मेणबत्ती," त्या म्हणाल्या.

लोक चवताळले. पोरगी आत मरतेय आणि ही म्हातारी मेणबत्ती पेटवतेय. एकानं तर आईवरून शिवी दिली. मलाही त्या क्षणी वाटलं की बाईंना वेड लागलं, आणि मी त्यांचा मनापासून द्वेष केला. पहिली काडी मोडली, दुसरी पेटलीच नाही. शेवटी पेटली. मेणबत्ती खाली गेली, सुजाताच्या डोक्यापर्यंत, खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत. जळत राहिली.

मग कुणाला काही कळायच्या आत बाईंनी पदर खोचला आणि त्याच आत उतरल्या. साठी उलटलेली बाई, कडीवर पाय चाचपत. त्यांनी गुंता सोडवला आणि खालून हाक दिली. आम्ही ओढलं. सुजाता वर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते. तिला उचलून तिच्या वडिलांच्याच ऑटोत घातलं आणि सगळे दवाखान्याकडे धावले. बाई विहिरीतून एकट्याच वर आल्या. त्यांना हात द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

सुजाता वाचली. फार खोल गेली नव्हती म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांनी ती घरी आली आणि त्याच संध्याकाळी गोदामात सगळ्यांना बोलावलं गेलं. शेठजी, आमचे आईबाप, विहारातली वडीलधारी मंडळी, आम्ही पोरं. प्रश्न एकच होता, वर्ग राहणार की जाणार. आम्हाला विचारलं काय झालं ते. अस्लमनं खरं तेच सांगितलं, "बाईनं म्हटलं होतं, जो उतरला थो वर येत नाही."

या एका वाक्यानं सगळं बदललं. सुजाताच्या वडिलांनी बाईंपुढं हात जोडले. "बाई, माही पोरगी कोणाचं आयकत नाही. तुमी तं आधीच सांगतलं होतं. वरून तुमीच तिले काढलं. तुमचे उपकार हायेत." शेठजी म्हणाले, यात बाईंचा काय दोष, विहिरीवर जाळी बसवतो, वर्ग चालू द्या. माझ्या बाबांनीही मान हलवली. सुजाता आईजवळ खाली मान घालून बसली होती. पोरीच्या जातीनं एवढं धाडस कशाला करावं, असं बायका तिला ऐकू जाईल इतपत हळू बोलत होत्या. चहा आला. सगळं मिटलं होतं.

बाई उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "चुकी पोरीची नाही. थे माही लबाडी होती."

कुणाला काही समजलं नाही. शेठजींची कपबशी हातातच राहिली.

"विहिरीतली हवा चांगली हाये असंच मी धरून चालली होती. म्हणून हवा मेली असं लबाड सांगतलं. पोट्टे मेणबत्ती सोडतीन, थे जळन, लबाडी पकडल्या जाईन, असा माहा हिशोब. पण मी सोता मेणबत्ती सोडून नाही पाह्यली. माह्या तोंडून खरं निंघालं थे चुकून निंघालं. या पोरीनं मले बरोबर ओळखलं होतं. थे लबाडच होतं." मग त्या आमच्याकडे वळल्या. "मेणबत्ती तुमाले दोन खेपा खरं सांगून राह्यली होती. तुमी तिच्यावर भरोसा नाही ठेवला, माह्या लबाडीवर ठेवला. एवढा भरोसा मी तुमाले शिकवाले नोको होता."

हे कुणाला कधीच कळलं नसतं. ते त्यांच्या डोक्यातलं होतं, कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी पाहिलेलं नव्हतं. गप्प बसून चहा प्यायचा होता, बस. सुजाताच्या वडिलांचे जोडलेले हात सुटले. "म्हंजे तुमी माह्या पोरीले…" ते म्हणाले. सुजातानं मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा मान वर केली.

शेठजींनी तिथल्या तिथं गोदामाची चावी मागून घेतली. घरी येताना बाबा झपाझप पुढं चालत होते. मग म्हणाले, "मुकाट्यानं बसली असती तं काय बिघडलं असतं?" आणि पुढच्या वळणावर, माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाले, "तिखटाच्या वेळीबी अशीच बोलली होती."

पुढच्या रविवारी मला जिनिंगकडे फिरकायची मनाई होती. आईनं दूध आणायला पाठवलं आणि मी लांबच्या रस्त्यानं गेले. गेटाला कुलूप होतं. गेटाजवळ रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या कठड्यावर बाई बसल्या होत्या, शेजारी भाजीची पिशवी, काखेत काड्या मोडलेली छत्री. एकही पोर आलेलं नव्हतं. त्या का येऊन बसल्या होत्या ते मला कळेना, आणि पुढं जाऊन विचारायचा धीरही होईना.

एवढ्यात समोरून सुजाता आली. तोंड उतरलेलं, चालताना दम लागत होता. ती बाईंसमोर उभी राहिली.

"घरी जाय," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "बापानं पाह्यलं तं मारीन."

"आजच्या तीन गोष्टी सांगा."

"आता नाही. आता मी कधी लबाड बोलणार नाही."

सुजातानं नेहमीसारखा गंभीरपणे विचार केला. "ही एक झाली," ती म्हणाली. "बाकीच्या दोन?"

बाईंनी पिशवी हातात घेतली. मला वाटलं उठून जातील. मग त्या म्हणाल्या, "वर्ग बंद झाला."

"अन् तिसरी?"

"तुह्या तोंडाकडे मले पाहवत नाही."

ते खरंच होतं. बाई खाली मातीकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी टपटप गळत होतं. बाईंना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सुजाता त्यांच्या पायांशी मातीतच बसली आणि त्यांना दिसेल अशी मान वर करून थांबली. शेवटी बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तिसरी नाही टिकली," सुजाता म्हणाली. मग ती मागं वळली, तिनं मला केव्हाच पाहिलं होतं. "तिथं काऊन उभी हायेस वं? इकडे ये. दुसरीबी लबाड दिसते. पाहू मंग."

मी दुधाची किटली मोरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.